पहिल्या रांगेतली सातवी खुर्ची

१

रविवारी दुपारी पावणेपाचला शहाद्याच्या रेवा रंगभवनात पहिली एकांकिका संपली, टाळ्या झाल्या, मध्यंतराचे दिवे लागले. त्याच वेळी बाजूच्या दाराबाहेरच्या बोळातून डोअरकीपर इद्रिसचाचाचा अहिराणीतला आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

"आठे मराले काय उनी तू?"

इथे मरायला आलीस का, हे ऐकून लोक धावले. बोळात दिवा नव्हता. सात पायऱ्यांच्या तळाशी पन्नाशीची एक बाई भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मनगटापासून वाकडा झाला होता आणि पाय तिला हलवता येत नव्हता. ती मोलगीकडच्या डोंगरातली कालीबाई वळवी. नुकत्याच संपलेल्या एकांकिकेत मुख्य काम करणाऱ्या गायत्रीची आई. लेकीचं नाटक पाहायला ती पहाटे जीपने निघाली होती, आणि नाटकातलं काहीच तिने पाहिलं नव्हतं.

गायत्री तोंडावरच्या रंगासकट धावत आली. आईने तिला भिलीत एवढंच सांगितलं, "बॅटरीवाल्या माणसानं मला खुर्चीवरून उठवलं."

सगळ्यांच्या माना इद्रिसचाचाकडे वळल्या. त्याच्या हातात बॅटरी होतीच.

सोमवारी हेमांगी पाटील धुळ्याहून लग्न आटोपून परतली, तेव्हा तिचे मामा शांतीलालभाई रंगभवनाच्या कार्यालयात तिची वाट पाहत बसले होते. शांतीलालभाई विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. प्रकाशाजवळ त्यांचे केळीचे मळे होते, पण जीव या नाट्यगृहात. प्रत्येक प्रयोगाला ते दारात उभे राहून हात जोडून प्रेक्षकांचं स्वागत करत. हेमांगी न्यायालयात तीस वर्षं लघुलेखिका होती. निवृत्त झाल्यावर मामांनीच तिला विश्वस्त केलं होतं.

"गुरुवारी बैठक आहे," मामा म्हणाले. "इद्रिसला कामावरून काढायचं ठरल्यातच जमा आहे. पण चौकशी न करता काढलं असं कोणी म्हणायला नको. तू सगळ्यांचे जबाब घे. औपचारिकताच आहे."

"इद्रिसचाचाच कशावरून?"

"वर्षभरात अठरा तक्रारी आहेत त्याच्याविरुद्ध. आणि ती बिचारी! मागे जागा मिळाली नाही, म्हणून बाहेर गेली आणि अंधारात पडली. मला रात्रभर झोप नाही, हेमांगी."

हेमांगीने सवयीने वही उघडली होती. माणूस बोलू लागला की तिची पेन्सिल आपोआप चाले. न्यायालयात तिच्या टिपणातला एक शब्दही कधी खोटा ठरला नव्हता. मामांचं बोलणंही तिने शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

२

इद्रिसचाचा वीस वर्षं खालच्या दारावर होता. वय अठ्ठावन्न, आवाज फाटका. तक्रारवहीत त्याचे उद्गार लोकांनी अवतरणचिन्हांत लिहिले होते. उशिरा आलेल्या डॉक्टरांना, "दवाखाना बंद करीसन यानं ना." रडणाऱ्या बाळाच्या आईला, "त्याले बाहेर लई जाय." कुरकुरे खाणाऱ्या नगरसेवकाला त्याने काय म्हटलं, ते मात्र वहीत कोणीतरी खोडून टाकलं होतं.

"मी तिले उठाडं नही," तो म्हणाला. "तिकीट दखं, फाडं, पहिली रांगमा सात नंबरनी सीट दखाडी. मन्हं काम संपनं."

"आत येताना तिच्यावर ओरडला होतात?"

"हा, वरडनू. चपला हातमा लिसन दारमा उभी व्हती. मांगे शंभर लोके. 'चपला पायमा घाल ना चाल पुढे,' इतलंच."

"मोठ्याने?"

"मन्हाकडे धाकला आवाज नही, ताई." तो थांबला. मग टेबलावर दोन्ही तळवे उपडे ठेवून म्हणाला, "मी वीस वरीस तोंड वापरी ऱ्हायनू, हात नही. तिले मीच उचलीसन रिक्षामा टाकं. आते लोके म्हनतस, मीच पाडं."

हेमांगीने त्याची बॅटरी मागून घेतली. बटण दाबलं. काचेवर तांबडा कागद चिकटवलेला होता. भिंतीवर गुंजेच्या रंगाचा मंद ठिपका पडला.

"हा कागद कशाला?"

"पांढरा उजेड डोयावर गया म्हंजे मानूस दोन मिनिट आंधया व्हस. तिकीट लिसन उना शे ना तो नाटक दखाले?"

बाल्कनीचा डोअरकीपर परवेज, तिशीतला, अदबशीर. त्याने आपली बॅटरी न मागताच पुढे केली. तिलाही तांबडा कागद होता. "चाचांनीच लावला, मॅडम. कागद निघाला तर मला शिव्या बसतात."

"नाटक सुरू झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"वरच. बाल्कनीत शाळेची दीडशे मुलं होती. शिक्षकांना विचारा, मी जागचा हललो असेन तर."

हेमांगीने विचारलं. शिक्षकांनी परवेजचं म्हणणं खरं असल्याचं सांगितलं. राहिला एकटा इद्रिस. खालच्या मजल्यावर बॅटरी घेऊन फिरणारा दुसरा कोणीच नव्हता.

३

मंगळवारी सकाळी हेमांगी दवाखान्यात गेली. कालीबाईचा हात प्लॅस्टरमध्ये होता, खुब्याच्या हाडाला चीर गेली होती. उशाशी केळी आणि सफरचंदांची करंडी होती.

"अध्यक्षांनी पाठवली," गायत्री म्हणाली. "मॅनेजर आणून देऊन गेले."

"मामा स्वतः नाही आले?"

"नाही."

हेमांगीला हे जरा नवल वाटलं. गावात कोणाचा दातही दुखला तरी मामा भेटायला जात.

कालीबाई भिलीत बोलत होती, गायत्री मराठी करून सांगत होती. हेमांगीने सुरुवातीलाच बजावलं, "तू सारांश सांगू नकोस. आई जे म्हणेल, ते जसंच्या तसं सांग."

"मी खुर्चीवर बसले होते. दिवे गेले. कर्ण्यातून एक माणूस बोलत होता. तेवढ्यात माझ्या तोंडावर उजेड आला."

"कसा उजेड?"

"पांढरा. पुनवेचं चांदणं जवळ आणल्यासारखा. माणूस दिसला नाही. तो वाकून काहीतरी बोलला. मग लोक हसले. सगळी माणसं हसली. मला वाटलं, मला हसले. मी उठले."

हेमांगीची पेन्सिल क्षणभर थांबली. "तो काय बोलला? एखादा तरी शब्द आठवतो का?"

कालीबाईने डोळे मिटले. मग एक एक अक्षर जपून उच्चारलं. "आप्पन... येवस्ता... मांगं."

गायत्री म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून विचारतेय, येवस्ता म्हणजे काय. मला कळलं नाही."

"आवाज रागाचा होता?"

"नाही," कालीबाई लगेच म्हणाली. "गोड होता. कोपराला धरून त्यानं मला उभं केलं, मागं हात दाखवला आणि गेला. मी मागं गेले. एकही खुर्ची रिकामी नव्हती. भिंतीशी उभी राहिले, तर लोक म्हणाले, दिसत नाही, खाली बस. मग मी बाहेर जायला निघाले."

"आणि पडलात. मग हाक का नाही मारलीत? अर्धा तास तशाच बसून होतात?"

यावेळी गायत्रीने मराठी करायला वेळ लावला.

"म्हणते, भिंतीपलीकडे माझा आवाज येत होता. हाक मारली असती तर नाटक थांबलं असतं."

हेमांगीने वही मिटली. पण एक प्रश्न राहिला होता. "बाहेर जायचं तर मोठं दार होतं. उजेडाचं. तुम्ही बाजूच्या अंधाऱ्या दाराने का गेलात?"

कालीबाईने उत्तर दिलं. ते ऐकून हेमांगीने वही पुन्हा उघडली आणि ते वाक्य शेवटच्या कोऱ्या पानावर वेगळं लिहून ठेवलं.

४

रिक्षात बसल्या बसल्या हेमांगीने हिशोब मांडला. उजेड पांढरा होता, म्हणजे ती डोअरकीपरची बॅटरी नव्हती. मोबाईलचा दिवा असणार. आणि ते शब्द. "आपली व्यवस्था मागे केली आहे." इद्रिसचाचाच्या तोंडून जन्मात असं वाक्य निघालं नसतं. तो "ऊठ" म्हणाला असता. असं बोलणारा रंगभवनात एक माणूस होता, मॅनेजर ललित. महिन्याभरापूर्वी त्यानेच 'प्रेक्षक सौजन्य सप्ताह' साजरा केला होता. पहिली रांग कलाकारांच्या घरच्यांना द्यायचं त्यानेच ठरवलं होतं, म्हणजे तिथे कोण बसलंय हेही त्यालाच ठाऊक.

ललित घामाघूम झाला. "मी कोणालाही उठवलेलं नाही, मॅडम. दिवे गेले तेव्हा मी विंगेत माईकवर होतो."

"ती निवेदनाची ध्वनिफीत असते ना? लावून दिली आणि खाली आलात."

"आम्ही ध्वनिफीत लावत नाही. मी स्वतः बोलतो. स्पर्धेचं चित्रीकरण आहे, दाखवतो."

त्याने संगणक लावला. पडद्यावर काळोख होता, फक्त ललितचा आवाज येत होता. "रसिकहो, आपण आपले मोबाईल बंद ठेवावेत. सादर होत आहे तळोद्याच्या महाविद्यालयाची... क्षमा करा, अक्कलकुव्याच्या महाविद्यालयाची एकांकिका."

आणि सभागृह हसलं. सगळी माणसं हसली.

"थांबवा," हेमांगी म्हणाली.

कालीबाईला जे हसू ऐकू आलं, ते हेच. ते तिला हसत नव्हते. ललितच्या चुकीला हसत होते. उजेड तिच्या डोळ्यांवर होता त्या क्षणी ललित विंगेत माईकसमोर चुकत होता. एकाच वेळी तो पहिल्या रांगेत असणं शक्य नव्हतं.

ललित नाही. परवेज नाही. इद्रिसचाचा नाही.

संध्याकाळी तिने घरी सगळे जबाब पहिल्यापासून वाचायला घेतले. न्यायालयात वकील हेच करत. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याला ते बोलण्याइतकं ठाऊक कसं, हे शोधत. पहिल्याच पानावर ती अडली. पुन्हा वाचलं. मग गायत्रीला फोन केला.

"तुझी आई मागच्या बाजूला जागा शोधत होती, हे तू माझ्याआधी कोणाला सांगितलं होतंस?"

"कोणालाच नाही. मलाही आज सकाळीच पहिल्यांदा कळलं, मॅडम. आधी ती फक्त बॅटरीवाल्यानं उठवलं एवढंच म्हणायची."

हेमांगीने फोन ठेवला. सोमवारी, कोणाला काही कळायच्या आधी, एक माणूस तिला म्हणाला होता, "मागे जागा मिळाली नाही, म्हणून बाहेर गेली."

५

बुधवारी तिने ललितकडून चित्रीकरण पुन्हा मागून घेतलं आणि यावेळी शेवटपर्यंत पाहिलं. बक्षीस समारंभाच्या वेळी कॅमेरा रंगमंचावरून प्रेक्षकांकडे वळला होता. पहिल्या रांगेत आठव्या खुर्चीवर मामांचे सुरतेचे व्याही बसले होते. कालीबाईच्या सातव्या खुर्चीवर, बांधणीच्या साडीत, सरलाबाई. मामांच्या लेकीच्या सासूबाई.

आठवी खुर्ची मामांची स्वतःची होती.

ती प्रकाशाला मळ्यात गेली नाही. आदल्या दिवशी एकट्याला गाठून सांगितलं, तर मामा राजीनामा लिहून मोकळे होतील, इद्रिसचाचाचं नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहील, हे तिला कळत होतं. ज्या माणसाने तिला वडिलांच्या माघारी शिकवलं, त्याच्यावर चारचौघांत बोट ठेवायचं होतं. ती त्या रात्री जेवली नाही.

गुरुवारी बैठकीला पाच विश्वस्त होते. ललित, परवेज आणि इद्रिसचाचा दाराशी उभे होते. हेमांगीने सगळं क्रमाने सांगितलं. उजेडाचा रंग, उच्चारलेले शब्द, हसण्याची वेळ. मग म्हणाली, "म्हणजे उठवणारा माणूस डोअरकीपर नाही, मॅनेजर नाही. तो मोबाईलचा दिवा लावून वावरत होता, अतिशय नम्र बोलतो, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची दुसऱ्याला देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटतं. तिला मागे पाठवलं हेही त्याला ठाऊक होतं. सोमवारी ते ठाऊक असणारा माणूस एकच."

तिने वहीचं पहिलं पान वाचलं. नाव वाचायची गरज पडली नाही.

शांतीलालभाईंनी समोरचे कागद बाजूला सारले. "व्याही उशिरा आले," ते म्हणाले. "माझी एक खुर्ची होती, माणसं दोन. मी तिला अगदी विनयाने विचारलं. ती उठली, मला वाटलं तिची हरकत नाही. मागे कुठेतरी बसली असेल म्हणालो."

"मागे जागा आहे का, पाहिलंत?"

"नाही."

"ती पडल्याचं कळलं तेव्हा?"

"तोवर सगळे इद्रिसचं नाव घेत होते." त्यांचा आवाज खाली गेला. "मी गप्प बसलो. त्याच्या अठरा तक्रारी होत्याच, एकोणिसावी खपून गेली असती. तुला जबाब घ्यायला सांगितलं, तेव्हा वाटलं, तूही तिथेच पोचशील."

दाराशी परवेजने इद्रिसचाचाच्या खांद्यावर हात ठेवला. चाचाने मान ताठ केली. "मी बोलनू व्हतू ना ताई, तोंड खराब शे, हात नही."

"चाचा, माझं अजून संपलेलं नाही," हेमांगी म्हणाली.

तिने वहीचं शेवटचं पान काढलं.

"मी कालीबाईंना विचारलं, मोठं दार सोडून अंधाऱ्या दाराने का गेलात. त्यांचं उत्तर असं आहे: 'मोठ्या दारात तो ओरडणारा माणूस उभा होता. त्याच्यासमोरून जायची हिंमत झाली नाही.'"

"त्यांना खुर्चीवरून मामांनी उठवलं," हेमांगी म्हणाली. "पण त्या पायऱ्यांकडे त्यांना तुम्ही पाठवलंत. तुम्ही सभ्यपणे 'या' म्हटलं असतं, तर त्या तुमच्याकडे आल्या असत्या. तिकीट दाखवलं असतं. आणि तुम्ही त्यांना परत सातव्या खुर्चीवर बसवलं असतं, समोर कोणाचेही व्याही असोत. याची मला खात्री आहे."

"चपला हातमा," इद्रिसचाचा पुटपुटला. "माले वाटनं, नाटक करी ऱ्हायनी." मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. निर्दोष ठरलेला माणूस असा दिसत नाही, असं ललितला वाटलं.

६

शुक्रवारी दुपारी इद्रिसचाचा आणि शांतीलालभाई दोघेही दवाखान्यात आले. हेमांगी आधीच कालीबाईच्या खाटेशी होती, पण तिने त्यांना एकत्र आणलं नव्हतं. ते जिन्यात भेटले आणि न बोलता वर आले.

इद्रिसचाचा दारातच थांबला. त्याला पाहून कालीबाईने पदर सावरला आणि ती नकळत भिंतीकडे सरकली. ते त्याने पाहिलं. वर्षभरात अठरा जणांनी वहीत लिहून जे त्याला कळलं नव्हतं, ते बहुधा त्या वीतभर सरकण्यातून कळलं.

"बाई," तो म्हणाला. आवाज लहान करायचा प्रयत्न त्याला जमत नव्हता, शब्द मध्येच खरखरत होते. "मन्हं चुकनं. पुढला टाइमले चपला हातमा आन, डोकावर आन, मी काहीच बोलाव नही." एवढं बोलून तो बाहेर जाऊन बाकावर बसला. गायत्रीने भाषांतर केलं. कालीबाई भिंतीपासून पुन्हा मूळ जागी सरकली.

मग शांतीलालभाई पुढे झाले. हात जोडले. "भगिनी, घडलेल्या प्रकाराबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगिरी व्यक्त करतो. आपणास झालेल्या मनस्तापाची मला पूर्ण जाणीव आहे."

कालीबाईने लेकीकडे पाहिलं. गायत्री सांगायला लागली, तशी हेमांगीने तिला हाताने थांबवलं.

"मामा, त्यांना कळेल असं बोला."

शांतीलालभाई गोंधळले. मग त्यांनी जोडलेले हात सोडले आणि घरात बोलतात, मळ्यात केळी कापणाऱ्या माणसांशी बोलतात, त्या आपल्या गुजरीत, गुजरातीच्या जवळच्या बोलीत म्हणाले, "बेन, तने में उठाडी. भूल मारी छे. तारी छोरीनुं नाटक में तने जोवा ना दीधुं."

आपण तिला उठवलं, लेकीचं नाटक पाहू दिलं नाही, ही त्यांची कबुली गायत्रीने तोंड उघडायच्या आधीच कालीबाईला समजली होती. तिची बोली आणि त्यांची बोली, दोन्हींमध्ये फार अंतर नव्हतं. तिने त्यांना निरखून पाहिलं, आणि आपल्या भिलीत, सावकाश, एकच प्रश्न विचारला. तो समजायला त्यांनाही भाषांतर लागलं नाही.

"हे तुला बोलता येत होतं, तर त्या दिवशी का नाही बोललास?"

सभागृहाची शिस्त, घाई, पाहुणे, सगळी कारणं शांतीलालभाईंच्या चेहऱ्यावर येऊन गेली असावीत.

"बधाने सामे," ते म्हणाले, "मने शरम आवी."

सगळ्यांदेखत लाज वाटली, हे ऐकून कालीबाईने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. तिने लेकीला खूण केली. गायत्रीने कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढून खाटेजवळ आणलं, आणि शांतीलालभाई त्यावर बसले.